वाचकांचे प्रश्न: कॅमेरा कुणाकडे बघतोय?

गॅदरिंगचे दिवस आले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. या वेळची बरीचशी पत्रं एकाच विषयाभोवती फिरतायत, गाण्यात, जाहिरातीत, रीलमध्ये बाईला ज्या पद्धतीने दाखवतात त्याचं आपण काय करायचं. त्यातली पाच घेतलीयेत, नावं कुणाचीच छापत नाहीये.

प्रश्न: ताई, माझी मुलगी तिसरीत आहे. गॅदरिंगला त्यांच्या वर्गाचा डान्स एका हिंदी आयटम साँगवर बसवलाय, त्यात कंबर हलवणं, ओठावरून बोट फिरवणं, शेवटी डोळा मारणं असं सगळं आहे. मी बोलले तर बाई म्हणाल्या, अहो एवढीशी आहेत ती, त्यांना कुठे अर्थ कळतो, आणि बाकी एकाही पालकाची तक्रार नाहीये. नवरा म्हणतो जाऊ दे, तिलाच एकटीला बाजूला काढतील. मी जुन्या वळणाची झालेय का? (एक आई, नाशिक)

उत्तर: अजिबात नाही, आणि एकटी तर नाहीच नाही. जून २०१९ मध्ये केंद्राच्या माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने सगळ्या खासगी चॅनेलना लेखी सूचना पाठवली होती, की डान्स रिॲलिटी शोमध्ये लहान मुलांना मोठ्यांनी सिनेमात केलेल्या उत्तान स्टेप्स करायला लावतात, त्या त्यांच्या वयाला शोभत नाहीत आणि त्याचा मुलांवर वाईट परिणाम होतो, तेव्हा काळजी घ्या. ती सूचना चॅनेलसाठी आहे, शाळेवर बंधनकारक नाहीये, पण मुख्याध्यापकांसमोर ठेवायला उत्तम. जी गोष्ट टीव्हीवर लहान मुलांकडून करून घेऊ नका असं सरकार सांगतं ती शाळेच्या स्टेजवर कशी चालेल, एवढं विचारलंत तरी पुरे.

आता "त्यांना अर्थ कळत नाही" याबद्दल. मला याच वाक्याची सगळ्यात जास्त काळजी वाटते. गाण्याचा अर्थ तिला कळत नाही हे खरं, पण टाळ्या कधी पडल्या ते बरोबर कळतं. पाठांतर म्हटलं तेव्हा सगळे गप्प होते आणि डोळा मारला तेव्हा शिट्ट्या आल्या, सगळे मोबाईल वर झाले, काका-मामा हसले, हे आठ वर्षांची पोर पक्कं लक्षात ठेवते, आणि आपल्यात लोकांना काय आवडतं याचं उत्तर तिला तिथे मिळतं. ते पुसायला पुढे फार वर्षं जातात हो.

आणि ही गाणी कशी बनतात ते एकदा आवाज बंद करून बघा. सिनेमातल्या नायिकेला निदान नाव असतं, घर असतं, कुणाशी तरी भांडण असतं. आयटम साँगमधली बाई मध्येच येते, नाचते आणि जाते, ते गाणं कापून टाकलं तरी गोष्ट पुढे सरकते. कॅमेरा आधी कमरेवर, मग पाठीवर, मग छातीवर, चेहरा दिसायला बराच वेळ लागतो, आणि भोवती शंभर पुरुष पैसे उडवतायत. कॅमेरा त्या पुरुषांच्या गर्दीत उभा असतो, म्हणजे घरी सोफ्यावर बसलेले आपण सगळे, बाया आणि पोरंसुद्धा, त्याच गर्दीत जाऊन बसतो. लॉरा मल्व्ही नावाच्या ब्रिटिश अभ्यासक बाईंनी १९७५ सालीच हे मांडलं होतं, की सिनेमाचा डोळा पुरुषाचा असतो आणि बाई त्यात बघायची गोष्ट होऊन बसते. आपल्याकडे तर पुढची पायरीही झाली, बाई स्वतःलाच तंदुरी कोंबडी म्हणवून घेते असं गाणं आलं आणि ते लग्नाच्या वरातीत वाजतं.

काय करायचं ते सांगते. ड्रेपरीवाल्याला ॲडव्हान्स जायच्या आत जा, एकदा कपडे ठरले की शाळा माघार घेत नाही. एकट्या जाऊ नका, तिच्या दोन मैत्रिणींच्या आयांना आधी फोन करा, तक्रार नाही म्हणजे सगळ्यांना आवडलंय असं नसतं, बऱ्याच जणी तुमच्यासारख्याच गप्प बसलेल्या असतात. दुसरं गाणं सोबत घेऊन जा, त्याच ठेक्याचं, म्हणजे कोरिओग्राफरला रांगा आणि फॉर्मेशन बदलावी लागणार नाहीत आणि "आता वेळ नाही" हे कारण उरणार नाही. नाहीच ऐकलं तर पालक-शिक्षक संघाकडे लेखी अर्ज. आणि तरीही नाही झालं तर माझं मत विचाराल तर तिला त्या डान्समधून काढा आणि दुसऱ्या कार्यक्रमात घाला, नाटुकलं, समूहगान, काहीही. तुमच्या मिस्टरांची भीती खोटी नाहीये, ती दोन दिवस रडेल. पण तिला "तो घाणेरडा डान्स आहे" असं चुकूनही सांगू नका. नाचायला आवडणं यात घाण काही नाही, तिच्या मनात स्वतःच्या शरीराबद्दल लाज बसली तर ते त्या गाण्याइतकंच वाईट. तिला नुसतं विचारा, या गाण्यातल्या बाईचं नाव काय गं? ती राहते कुठे, तिला काय पाहिजे? मुलं फार विचार करून उत्तरं देतात, करून बघा.

प्रश्न: मॅडम, मी २४ वर्षांचा आहे, पुण्यात ॲड एजन्सीत कॉपी लिहितो. क्लायंट प्रत्येक मीटिंगला "थोडं ग्लॅमर टाका" म्हणतो. मॉडेल स्वतःच्या मर्जीने येते, पैसे घेते, मग यात तिला वस्तू बनवलं असं कसं म्हणायचं? उलट तिच्या कपड्यांवर बोलणारे लोकच संस्कृतीरक्षक वाटतात. (कॉपीरायटर, पुणे)

उत्तर: कपड्यांबद्दल तुझं बरोबर आहे आणि तिथूनच सुरुवात करू. १९९५ मध्ये एका बुटाच्या जाहिरातीत मधु सप्रे आणि मिलिंद सोमण, दोघंही विवस्त्र, अंगाभोवती अजगर आणि पायात फक्त बूट, असा फोटो आला. मुंबईत केस झाली, ती चालली किती, तर २००९ मध्ये सगळे निर्दोष सुटले. चौदा वर्षं. त्या फोटोत दोघंही सारखेच उघडे आहेत, कुणी कुणाची शिकार नाहीये. मला तो फोटो फार आवडतो असं नाही, पण त्याने कुणा मुलीला बसस्टॉपवर उभं राहायची भीती वाटली असेल असं मला वाटत नाही.

आता दुसरी जाहिरात घे. जून २०२२, लेअर शॉट नावाचा बॉडी स्प्रे. दुकानात चार मुलगे, त्यांच्या पुढे एक मुलगी, शेल्फवर एकच बाटली उरलेली, आणि मुलगे मागून बोलतायत की आपण चार आणि ही एकच, मग शॉट कोण घेणार. मुलगी दचकून मागे वळते, चेहऱ्यावर सरळ सरळ भीती आहे, मग कळतं की ते बाटलीबद्दल बोलत होते. तिच्या अंगावर पूर्ण कपडे आहेत. सेन्सॉरची पट्टी घेऊन मोजायला गेलास तर काहीच सापडणार नाही. पण सामूहिक बलात्काराच्या भीतीवर ज्यांनी विनोद बेतला, तो लिहिला, शूट केला, एडिट केला आणि मॅचच्या मध्ये दाखवला, त्या एवढ्या सगळ्या माणसांपैकी एकालाही थांबावंसं वाटलं नाही याचा मला अजून राग आहे. लोकांनी आरडाओरडा केल्यावर जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलने ती थांबवायला लावली आणि माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने यूट्यूब आणि ट्विटरला व्हिडिओ काढायला सांगितलं. डिओच्या धंद्यात हे पहिल्यांदा झालं असंही नाही, २०११ च्या मे महिन्यात मंत्रालयाने डिओच्या बऱ्याच जाहिरातींवर असाच आक्षेप घेतला होता, सगळीकडे तेच, पुरुषाने फवारा मारला की बाई स्वतःचं डोकं गमावून त्याच्या मागे.

म्हणून मी कपडे मोजत नाही. मी बघते की त्या तीस सेकंदात बाईला स्वतःचं मन आहे की नाही.

मर्जीचं म्हणशील तर त्या मॉडेलशी माझं काही भांडण नाही, तिचं काम आहे, तिला पूर्ण पैसे वेळेवर मिळावेत. उलट आपल्याकडे भांडण नेहमी तिच्याशीच उकरून काढतात. २००५ चं आठवून बघ, महाराष्ट्र सरकारने डान्सबार बंद केले, पण कायद्यात थ्री-स्टार आणि त्यावरच्या हॉटेलांना सूट ठेवली. म्हणजे पनवेलच्या बारमध्ये नाचली तर संस्कृती बुडते आणि मोठ्या हॉटेलात नाचली तर नाही. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती बंदी टिकू दिली नाही, पण तोवर त्या मुलींच्या घरातल्या चुली विझून आठ वर्षं झाली होती आणि पैसे उडवणाऱ्याला कुणी काही विचारलं नाही. मॉडेलची मर्जी तिच्या पुरती. तू जे लिहितोस ते मात्र तिच्या पुरतं राहत नाही, ते आठवीतल्या पोराच्या मोबाईलवर जातं आणि तो शिकतो की मुलगी ही अशी असते, फवाऱ्याने येणारी.

क्लायंटला काय सांगायचं ते विचारलं नाहीस तरी सांगते, कारण मला तुझी अडचण कळते, नोकरी टिकवायचीय. ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलने जून २०२२ मध्येच स्त्री-पुरुषांच्या साचेबद्ध चित्रणाबद्दल नियम काढलेत, त्यात उदाहरणच दिलंय, खाणं घरपोच देणाऱ्या सर्व्हिसच्या जाहिरातीत पदार्थांच्या मागे अंतर्वस्त्रात पहुडलेली बाई, चित्र फार उघडं नसलं तरी त्या बाईचा विकायच्या मालाशी काही संबंधच नाही म्हणून ते चालणार नाही. हे प्रिंट काढून मीटिंगला ने. क्लायंटला नीतीपेक्षा शूटिंगचा बुडलेला खर्च लवकर समजतो. आणि स्वतःसाठी एक सवय लाव, स्क्रिप्टच्या कडेला एका ओळीत लिही की यातल्या बाईला काय हवंय. सिमेंटच्या जाहिरातीत समुद्रातून बिकिनीत बाहेर येणाऱ्या मुलीला काय हवं होतं, हे मला आजपर्यंत कुणी सांगू शकलेलं नाही.

प्रश्न: ताई मी एकोणीस वर्षांची आहे, क्लासला लावणी शिकते, कॉलेजच्या युवा महोत्सवात केली. कुणीतरी स्टेजच्या खालून व्हिडिओ काढला, फक्त कमरेपासूनचा, चेहरा कट, आणि घाण कॅप्शन टाकून पेजवर टाकला. बाबा म्हणाले लावणीच बंद. मैत्रीण म्हणते लावणी म्हणजे जुनं आयटम साँगच ना मग काय अपेक्षा करतेस. मला लावणी सोडायची नाहीये. (सांगली जिल्हा)

उत्तर: सोडू नकोस. आधी व्हिडिओचं बघू. त्या पोस्टचा स्क्रीनशॉट काढ, लिंक आणि तारीख दिसेल असा, पेजचं नावही. मग ॲपवर रिपोर्ट कर आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर बायका-मुलांसाठी वेगळा विभाग आहे तिथे तक्रार टाक, किंवा बाबांना घेऊन सरळ पोलीस स्टेशनला जा. बाईला उद्देशून लैंगिक शेरे मारणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७५ खाली गुन्हा आहे, आणि कपडे बदलताना वगैरे चोरून कुणी शूट केलं तर कलम ७७ लागतं, ते त्याहून गंभीर. कॉलेजलाही लेखी कळव, त्यांच्याकडे अंतर्गत तक्रार समिती असायलाच हवी, तो कॉलेजचा कार्यक्रम होता त्यामुळे हात झटकू देऊ नकोस.

आता मैत्रिणीचं. लावणी आणि आयटम साँग एक नाहीत, पण लावणी अगदी सोवळी होती असं सांगून मी तुला फसवणार नाही. पेशवाईतल्या होनाजी बाळा, राम जोशी, परशराम, सगनभाऊ यांच्या लावण्यांत बाई "मी" म्हणून बोलते, पण लिहिणारे सगळे पुरुष. नाचणाऱ्या बाया बहुतेक कोल्हाटी, महार, मांग अशा समाजांतल्या, आणि समोर पैसे उधळून दौलतजादा करणारे गावचे पाटील आणि सावकार. बाईची कला घ्यायची आणि तिला मान द्यायचा नाही, हे आपल्याकडे फार जुनं आहे, मोबाईलच्या कितीतरी आधीचं. पवळा हिवरगावकर ही महार समाजातली कलावंतीण, तिच्या नावावर फडाला गर्दी लोटायची, आणि आज लोकांच्या तोंडी तिच्या जोडीचे शाहीर पठ्ठे बापूराव यांचं नाव आधी येतं.

तरीही फरक आहे आणि तो तुला नाचताना कळत असेल. लावणीत चेहरा पहिला. नऊवारी अंगभर असते, पायात पाच-पाच किलोचे चाळ, आणि सगळा खेळ नजरेचा, भुवईचा, शब्दावर केलेल्या अदेचा. बैठकीच्या लावणीत तर बाई जागेवर बसून एकाच ओळीचे वेगवेगळे अर्थ करून दाखवते, वाईच्या यमुनाबाई वाईकरांना त्यासाठीच संगीत नाटक अकादमीचा सन्मान मिळाला आणि २०१२ मध्ये पद्मश्री. चेहरा कापला की लावणीत काही उरतच नाही. संगीतबारीतली, म्हणजे कलाकेंद्रातल्या लावणीतली बाई समोरच्याच्या डोळ्यात बघते, त्याची फिरकी घेते, जास्त झालं तर ढोलकी थांबवून जागेवर सुनावते, चौफुल्याला किंवा मोडनिंबला जाऊन बघितलेले लोक हे सांगतील. तुझ्या व्हिडिओत त्या पोराने नेमकं तेच काढून टाकलं, तुझी नजर. म्हणजे तू लावणी केलीस आणि त्याने तिची आयटम साँग केली, तुझ्या मैत्रिणीला एवढंच सांग.

बाबांना हे पत्र दाखव. बाबा, तुमची भीती मला समजते, गावात लोक बोलतात, लग्नाचं निघतं. पण लावणी बंद केलीत तर शिक्षा तिला झाली आणि व्हिडिओ टाकणारा मोकळा. तिच्यासोबत पोलीस स्टेशनला तुम्ही गेलात तर ती आयुष्यभर लक्षात ठेवेल.

प्रश्न: माझा मुलगा नववीत आहे, क्रिकेटवेडा. मुलींची मॅच लागली की मित्रांच्या ग्रुपवर यांचं खेळावर काहीच नाही, कोण सुंदर दिसते एवढंच. रागवू का? (वडील, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: रागावून तो ग्रुपचं नोटिफिकेशन बंद करेल, बाकी काही नाही. त्याने हे आपल्याकडूनच उचललंय, आपल्या सांगलीच्या स्मृती मानधनाला चॅनेलवाल्यांनीच "नॅशनल क्रश" करून ठेवलं, तिचे कव्हर ड्राइव्ह नंतर. २०१७ च्या वर्ल्डकपच्या आधी आपल्या मुलींच्या टीमची कॅप्टन मिताली राजला कुणी विचारलं की तुमचा आवडता पुरुष क्रिकेटर कोण, तर तिने उलट विचारलं की हा प्रश्न तुम्ही पुरुष खेळाडूला विचारता का. आणि खेळ चालवणारेही मागे नाहीत, २०२१ मध्ये नॉर्वेच्या बीच हँडबॉल टीमच्या मुलींनी बिकिनीऐवजी शॉर्ट्स घातल्या म्हणून त्यांना १५०० युरोचा दंड झाला, तोच खेळ खेळणारे पुरुष शॉर्ट्सच घालत होते. जगभर गाजावाजा झाल्यावर त्याच वर्षी नियम बदलावा लागला. हे त्याला सांगा, चौदा-पंधराच्या पोरांना अन्याय पटकन कळतो, उपदेश नाही कळत.

आणि सोबत बसून मॅच बघा. २ नोव्हेंबर २०२५ ची नवी मुंबईतली मुलींची वर्ल्डकप फायनल लावा, शफाली वर्माच्या ८७ रन्स आणि दीप्ती शर्माच्या पाच विकेट्स. फील्ड कशी लावलीय, दीप्ती बॉल कुठे टाकतेय यावर त्याच्याशी वाद घाला, तुमचं चुकलं तर अजून चांगलं, तो तुम्हाला समजावून सांगेल. मुलगा खेळावर बोलायला लागला की ग्रुपवरही बोलेल, सगळे मित्र नाही ऐकणार, एखादा ऐकेल.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक. चौकातल्या होर्डिंगवर, टीव्हीवर काही खटकलं तर सामान्य माणसाने नेमकी कुठे तक्रार करायची? कायदा आहे का नाही? (ठाणे)

उत्तर: सर, कायदा आहे, स्त्रियांचे असभ्य चित्रण प्रतिबंध कायदा, १९८६ चा. जाहिरात, पुस्तक, चित्र सगळं त्यात येतं. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड दोन हजार रुपयांपर्यंत, हो, अजूनही दोन हजारच, ज्या होर्डिंगचं भाडं लाखांत असतं त्याला. आणि त्याची भाषा बरीचशी सभ्यता, नीतिमत्ता अशी आहे त्यामुळे पोलीसही कपडेच मोजतात. २०१२ मध्ये दुरुस्तीचं विधेयक राज्यसभेत मांडलं होतं, इंटरनेट आत घ्यायचं, दंड वाढवायचा, पण त्याचा कायदा काही झाला नाही.

त्यामुळे जाहिरात असेल तर आधी ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलकडे जा. ही १९८५ साली झालेली जाहिरात धंद्याचीच संस्था, ऑफिस मुंबईत, ग्राहकाला तक्रारीचे पैसे पडत नाहीत, वेबसाईटवर किंवा व्हॉट्सॲपवर करता येते. होर्डिंगचा फोटो काढा, जागा आणि तारीख लिहा, टीव्हीची असेल तर चॅनेल आणि वेळ. "अश्लील आहे" एवढंच लिहू नका, जाहिरात कशाची आहे आणि त्यातल्या बाईचा त्या वस्तूशी संबंध काय हे दोन वाक्यांत लिहा, तुम्ही शिक्षक आहात, तुम्हाला हे माझ्यापेक्षा चांगलं जमेल. टीव्हीवरच्या मालिका किंवा कार्यक्रमाबद्दल असेल तर २०२१ च्या केबल टीव्ही नियमांप्रमाणे पहिली तक्रार त्या चॅनेलच्याच तक्रार अधिकाऱ्याकडे करायची, त्याने पंधरा दिवसांत उत्तर द्यायचं असतं, नाही दिलं किंवा पटलं नाही तर चॅनेलवाल्यांच्या संघटनेच्या समितीकडे आणि त्यानंतर केंद्राच्या माहिती आणि प्रसारण मंत्रालयाकडे. तक्रारीची पोच जपून ठेवा, पुढच्या पायरीला तीच मागतात. आणि होर्डिंग महापालिकेच्या जागेवर असेल तर एक प्रत वॉर्ड ऑफिसच्या परवाना विभागाला द्या, परवानगी त्यांनीच दिलेली असते.